दुर्बल हृदयाचा आहारविहार : प्रस्तावना

हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला, वर्षानुवर्षे रक्तदाबाचा किंवा मधुमेहाचा भार वाहिलेला, अथवा लहानपणीच्या संधिज्वराने ज्याच्या हृदयाची झडप आकसून गेली आहे असा एखादा गृहस्थ, पायांवरची सूज आणि उशीवर डोके टेकताच लागणारी धाप घेऊन रुग्णालयात दाखल होतो. शिरेतून दिलेल्या औषधांनी काही दिवसांत त्याच्या अंगातले पाणी उतरते. आणि घरी जाताना त्याच्या हाती जो कागद पडतो त्यावर सात-आठ गोळ्यांच्या नावांखाली बहुधा एवढेच लिहिलेले असते, की मीठ कमी, पाणी कमी, विश्रांती. गोळ्यांची मात्रा मिलिग्रॅममध्ये आणि घेण्याच्या वेळेसह सांगितलेली असते. परंतु जे अन्न दिवसातून तीन-चार वेळा पोटात जावयाचे त्याच्या वाट्याला केवळ एक विशेषण येते. कमी म्हणजे किती, ते कोणी मोजावयाचे, आणि एवढे करून उरलेल्या अन्नाला चव कशी आणावयाची, हा सगळा कारभार त्या घरच्या स्वयंपाकघरावर, बहुधा एकट्या गृहिणीवर, काहीही न समजावता सोपविला जातो. प्रस्तुत पुस्तक त्या कागदावर जे लिहावयाचे राहून जाते त्यासाठी लिहिले गेले आहे, आणि ज्याचे सारे आयुष्य असे कागद लिहिण्यात गेले अशा माझ्यासारख्या वैद्यकव्यवसायी माणसाला त्याची प्रस्तावना लिहिण्याचे काम मनापासून मोलाचे वाटते.

हृदय दुर्बल झाले तरी ते अहोरात्र चालूच असते. परंतु प्रत्येक ठोक्यास जेवढे रक्त पुढे लोटावयास हवे तेवढे त्याला लोटता येत नाही, किंवा त्याचा स्नायू ताठरल्यामुळे ते पुरेसे भरूनच येत नाही, आणि परिणामी मूत्रपिंडांकडे जाणारा प्रवाह रोडावतो. हा प्रवाह का रोडावला हे समजण्याचा मार्ग मूत्रपिंडांना नसतो. शरीरातील पाणीच आटले आहे असा त्यांचा ग्रह होतो, आणि अवर्षणाच्या साली पाटकऱ्याने दारे मिटून घ्यावीत त्याप्रमाणे ती मीठ आणि पाणी बाहेर सोडण्याचे थांबवितात. रेनिन, अँजिओटेन्सिन आणि अल्डोस्टेरॉन या द्रव्यांची जी साखळी रक्तस्रावाच्या किंवा तृषेच्या प्रसंगी माणसाचा जीव वाचविते, तीच येथे त्याच्या जिवावर उठते, कारण अडवून ठेवलेले पाणी आधीच थकलेल्या हृदयावर नवा बोजा टाकते आणि शिरांतून पाझरून प्रथम घोट्यांत, मग पोटात व फुफ्फुसांत साठते. आपल्या शरीरातील पेशीबाह्य द्रवात लिटरमागे सुमारे ९ ग्रॅम मीठ असते. सबब जेवढे मीठ अडून राहील त्या मानाने पाणीही अडून राहणारच, आणि नुसते पाणी तोडून मीठ मोकळे सोडले तर रुग्ण तहानेने व्याकूळ होण्यापलीकडे काही साधत नाही. ही कार्यकारणपरंपरा आरंभीच उलगडून सांगण्याचे कारण असे, की ज्याला ती एकदा समजली त्याला पथ्याचा हुकूम पाळावा लागत नाही. तो आपले पथ्य आपणच ठरवू लागतो.

मीठ आणि सूज यांचा संबंध जुन्या वैद्यांच्या नजरेतून सुटलेला नव्हता. चरकसंहितेच्या विमानस्थानात जे तीन पदार्थ अतिप्रमाणात सेवन करू नयेत म्हणून सांगितले आहेत, त्यांत पिंपळी व क्षार यांच्या जोडीला लवण आहे. युरोपात विसाव्या शतकाच्या आरंभी पॅरिसचे फेर्नांद विदाल यांनी मूत्रपिंडाच्या रोग्यांना आळीपाळीने मिठाचा व अळणी आहार देऊन, त्यांचे नित्य वजन घेऊन, सूज मिठाबरोबर चढते आणि मिठाबरोबर उतरते हे तराजूने सिद्ध केले. त्याहूनही एक जुनी हकीकत मला येथे नमूद करावीशी वाटते. १७७५ साली विल्यम विदरिंग या इंग्रज वैद्याकडे सर्वांगशोथावरचा एक घरगुती काढा अभिप्रायासाठी आला. श्रॉपशायर परगण्यातील एका वृद्धेने तो गुप्त राखलेला होता आणि जेथे वैद्य हरले तेथे तिला कधीकधी यश आले होते. वीसेक वनस्पतींच्या त्या मिश्रणातून डिजिटॅलिस ही एकच कामाची वनस्पती विदरिंग यांनी निवडून काढली आणि दहा वर्षांच्या अनुभवानंतर १७८५ साली तिच्यावर ग्रंथ लिहिला. तिच्यापासून निघालेले डिगॉक्सिन आजही काही रुग्णांना दिले जाते. त्या वृद्धेचे नाव कोणी नोंदवून ठेविले नाही. या रोगावरच्या ज्ञानाचा एक मोठा प्रवाह घरातून दवाखान्याकडे वाहिला, आणि दवाखान्यातून घराकडे मात्र आज हुकमांखेरीज फारसे काही परत येत नाही, ही माझी तक्रार आहे. तिचे निवारण अशाच पुस्तकांनी होणार आहे.

आता प्रमाणाविषयी. जागतिक आरोग्य संघटनेने निरोगी माणसासाठीही दिवसाला ५ ग्रॅमहून कमी मीठ सांगितले आहे. चहाचा एक लहान चमचा सपाट भरला तर साधारण तेवढे होते, आणि त्यात सुमारे २ ग्रॅम सोडियम असते. आपल्याकडे सर्वसामान्य माणूस दिवसाकाठी ८ ग्रॅम किंवा त्याहून अधिक मीठ खातो. या पार्श्वभूमीवर २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाचा निष्कर्ष नीट समजून घेणे अगत्याचे आहे, कारण त्याचा आधार घेऊन मिठाचे पथ्यच निरर्थक ठरविण्याकडे काहींचा कल दिसतो. सहा देशांतील ८०६ रुग्णांपैकी निम्म्यांना दिवसाला दीड ग्रॅमहून कमी सोडियमचा कडक आहार आणि निम्म्यांना नेहमीचा साधा सल्ला देऊन पाहिले असता, मृत्यूचे किंवा रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण कडक पथ्याने घटले नाही. रुग्णांना स्वतःला वाटणारे बरेपण तेवढे थोडे वाढले. परंतु त्या रुग्णांचे मूळचे मीठच साडेपाच ग्रॅमच्या आसपास होते. यावरून मी जो बोध घेतो तो असा, की आठ-दहा ग्रॅमवरून पाचावर येणे हे आपल्या रुग्णाचे खरे काम आहे, आणि पाचावरून साडेतीनावर येण्यासाठी त्याचा व त्याच्या घराचा छळ मांडण्याचे प्रयोजन नाही. या पुस्तकातील पाककृती याच मध्यम मर्यादेत बसविल्या आहेत, ही मला त्यांची सर्वांत मोठी योग्यता वाटते.

मराठी जेवणाला मिठाची मर्यादा घालावयाची तर ती कोठे घालावी, हा प्रश्न वाटतो त्याहून खोल आहे. पान वाढताना आपल्याकडे प्रथम मीठ वाढण्याचा रिवाज. त्याच्या डाव्या अंगाला लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचे यांची रांग, आणि जवळच पापड, कुरडई, सांडगी मिरची. भाजी-आमटीतले मीठ स्वयंपाक करणाऱ्याच्या हातात असते आणि ते निम्म्यावर आणता येते. परंतु पानाची ही डावी बाजू जवळजवळ सगळीच मिठात मुरलेली असते. याचे मूळ आपल्या हवामानात आहे. चार महिने पाऊस, बाजारहाट बंद, भाजीपाला दुर्मीळ. अशा मुलुखात आगोटीपूर्वी वर्षाची बेगमी करून ठेवावयाची तर ऊन आणि मीठ याखेरीज दुसरा आधार नव्हता. देशावरचे सांडगे आणि पापड, कोकणातला खारवलेला बांगडा आणि मिठाने टिकविलेले कोकमाचे आगळ, घाटावर-तळकोकणात सारख्याच प्रेमाने मुरविली जाणारी कैरी, ही सारी त्या बेगमीची संतती होय. ती करणाऱ्या हातांचे कौशल्य मी मनोमन वंदितो. मात्र आता भाजी बारमाही मिळते, घरोघरी शीतकपाट आहे, आणि ज्या गरजेने मीठ आपल्या पानात इतके शिरले ती गरज संपून केवळ सवय उरली आहे, हे रुग्णाच्या घरच्यांनी ओळखावे. पापडाची गोष्ट तर दुहेरी आहे: त्यात मीठ असतेच, शिवाय पापडखार म्हणून जो क्षार घालतात तोही सोडियमचाच. तीच गत ढोकळ्यातल्या आणि भज्यांतल्या खाण्याच्या सोड्याची, आणि जेवणानंतर पोट जड वाटले म्हणून फेसाळत पिण्याच्या चूर्णांची. ती जिभेला खारट लागत नाहीत, म्हणून त्यांचा हिशेब कोणी ठेवीत नाही. पाव, खारी, टोस्ट, शेव-फरसाण, बाटलीतले सॉस, झटपट शेवया ही नव्या काळची भर. पाकिटावर सोडियमचा आकडा मिलिग्रॅममध्ये छापलेला असतो. त्याची अडीच पट केली की मीठ किती ते निघते, आणि एवढा गुणाकार शाळेत जाणारे नातवंडही आजोबांसाठी करू शकते.

परंतु आपल्याच परंपरेत या पथ्याला अनुकूल असे जे काही आहे, त्याकडे आहारशास्त्राची बहुतेक पाश्चात्त्य पुस्तके पाहू शकत नाहीत, आणि आपली पाहत नाहीत. आपला भात अळणी शिजतो. ज्वारी-बाजरीच्या भाकरीत पुष्कळ घरी मीठ घालीतच नाहीत. म्हणजे ताटातला सर्वांत मोठा भाग आयताच निर्मळ आहे. युरोपीय रुग्णाला आपल्या पावाविषयी असे म्हणता येत नाही. शिवाय आंबट, तिखट आणि तुरट या रसांची जी समृद्धी मराठी स्वयंपाकात आहे ती मिठाची उणीव भरून काढण्यास पुरेशी आहे, फक्त तिला जाणीवपूर्वक पुढे आणले पाहिजे. लिंबू आणि चिंच, ताजी कैरी, घरचे दही. भाजलेले तीळ, कारळे आणि जवस यांच्या मीठ न घातलेल्या कोरड्या चटण्या. आले-लसणाची खमंग फोडणी, कढीपत्ता, ओले खोबरे, वरून पेरलेली कोथिंबीर. मीठ पदार्थात शिजून मुरले तर जिभेला त्यातले थोडेच जाणवते आणि वरून भुरभुरले तर तेवढ्याच मिठाची चव अधिक लागते, या साध्या गोष्टीवर या पुस्तकाची एक युक्ती उभी आहे: सगळ्या घराची भाजी-आमटी अल्पलवण करावी, रुग्णाचे दिवसाचे वरचे मीठ सकाळीच मोजून एका डबीत काढून ठेवावे, आणि ते कोणत्या जेवणाला किती खर्चावयाचे याची मुभा त्याची त्याला द्यावी. ज्याच्या हातून चालणे, कमावणे, जिने चढणे असे एकेक अधिकार सुटत गेले आहेत, त्याला निदान आपल्या मिठाचा जमाखर्च आपल्या हाती राहिल्याचे समाधान लाभते. पहिले काही आठवडे सारे बेचव लागेल. नंतर जीभ स्वतःच बदलते, आणि पूर्वीची आमटी खारट वाटू लागते. हा अनुभव रुग्णांनी इतक्यांदा सांगितला आहे की त्याविषयी मला शंका उरलेली नाही.

दोन भ्रमांविषयी येथेच सावध केले पाहिजे. उपवासाला चालणारे सैंधव पवित्र असेल, परंतु हृदयाच्या दृष्टीने तेही मीठच. ते घातलेली साबुदाण्याची खिचडी आणि बटाट्याचा तळलेला कीस खाऊन एकादशीला पथ्य पाळले असे कोणी समजू नये. दुसरा भ्रम अधिक घातक आहे. बाजारात ‘कमी सोडियमचे’ म्हणून जे मीठ मिळते त्यात पोटॅशियम क्लोराइड मिसळलेले असते, आणि हृदयविफलतेवरची स्पायरोनोलॅक्टोन, एनालाप्रिल यांसारखी औषधे शरीरातील पोटॅशियम आधीच चढवीत असतात. मूत्रपिंडे अशक्त असतील तर हे दोन्ही मिळून हृदयाची लय प्राणांतिक रीतीने बिघडू शकते. शहाळ्याच्या पाण्यातही पोटॅशियम असते, म्हणून ते रोज पिण्याविषयीही वैद्याला विचारल्यावाचून काही ठरवू नये.

मिठाइतकेच, किंबहुना कित्येकदा त्याहून अधिक, मला भय वाटते ते उपासमारीचे. ‘हार्टचा पेशंट’ म्हटले की घरात तेल बंद, तूप बंद, दूध बंद, डाळ जड म्हणून बंद, अंडे-मासे तर दूरच, असा एकेक पदार्थ हद्दपार होत जातो, आणि रुग्णाच्या पुढे उकडलेला दुधी आणि मऊ भात उरतो. या रोगात आतडीही सुजलेली असतात, भूक मंदावते, चार घास खाताच पोट भरल्यासारखे होते. त्यात हा दंडक, मग मांड्या आणि दंड वाळत जातात, आणि सूज असल्यामुळे वजनाच्या काट्यावर तो ऱ्हास दिसतही नाही. स्नायू गमावलेला रुग्ण फार काळ तग धरीत नाही. मुगाचे वरण, उसळी, दही, ज्यांना चालते त्यांना अंडी आणि ताजे मासे, हे त्याला मिळालेच पाहिजेत. तीन मोठ्या जेवणांऐवजी पाच-सहा लहान जेवणे असावीत. आणि पथ्य याचा अर्थ वजा करीत जाणे असा घेतला जाऊ नये.

पाण्याविषयी थोडक्यात सांगतो. ज्यांचा रोग पुढे गेलेला आहे किंवा रक्तातील सोडियम उतरले आहे त्यांना वैद्य दिवसाला दीड ते दोन लिटरची मर्यादा घालतात, आणि तीत चहा, ताक, कढी, आमटी हे सारे धरावयाचे असते. परंतु प्रकृती स्थिर असलेल्या प्रत्येकाला सरसकट ही मर्यादा घालण्याने त्याची स्थिती सुधारते असे दिसत नाही; नेदरलँड्समध्ये झालेल्या आणि २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मर्यादा घातलेल्यांच्या पदरी तहान तेवढी अधिक पडली.

याउलट एका गोष्टीत मी कसलीही सूट देऊ इच्छीत नाही, ती म्हणजे वजनाची रोजकीर्द. सकाळी उठून शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापूर्वी, सारख्याच कपड्यांत, त्याच काट्यावर वजन करावे आणि दिनांकापुढे लिहून ठेवावे. अंगात लिटरभर पाणी साठले की किलोभर वजन वाढते, आणि ही वाढ पायांवर सूज दिसण्याच्या व धाप लागण्याच्या पुष्कळ आधी काट्यावर उमटते. तीन दिवसांत २ किलोहून अधिक वाढ झाली, झोपताना एका उशीच्या दोन कराव्या लागल्या, मध्यरात्री गुदमरून उठून खिडकीशी जावे लागले, चपलेचा पट्टा एकाएकी आवळू लागला, यांपैकी काहीही घडले तर पुढच्या नेमलेल्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी वैद्याला कळवावे. वेळीच वाढविलेल्या एका गोळीने जे साधते त्यासाठी दोन दिवसांच्या हयगयीनंतर अतिदक्षता विभाग लागतो.

या पुस्तकातील जे प्रकरण वाचून मी सर्वांत अधिक हललो ते बायकांविषयीचे आहे. पुरुष आजारी पडला की घरातले स्वयंपाकघर त्याच्याभोवती फिरू लागते. आणि जिच्यावर ते स्वयंपाकघर उभे आहे तीच आजारी पडली तर? ती सर्वांच्या चवीचा स्वयंपाक करते, स्वतः शेवटी बसते, उरलेली आमटी आणि लोणच्याची फोड यांवर जेवण उरकते. स्वतःपुरते अळणी वेगळे शिजविणे तिला चैन वाटते. लघवी वाढविणारी गोळी ती लग्नाच्या, एस.टी.च्या प्रवासाच्या, शेतावर जाण्याच्या दिवशी हटकून चुकविते, कारण वाटेत बाईमाणसाला आडोसा मिळत नाही. आणि ही गोष्ट ती संकोचाने वैद्याला सांगत नाही, वैद्यही विचारीत नाही. मग सणावारानंतर तिला धाप लागली की ‘खाण्यात काही आले असेल’ म्हणून तिलाच बोल लावला जातो. त्या गोळीची वेळ प्रवासाच्या दिवशी दुपारनंतर नेता येते. एवढी तजवीज वैद्याला विचारून करणे हे घरातील कर्त्या माणसांचे काम आहे. आणि अल्पलवण आमटी सगळ्या घराने खाल्ली तर त्यात कोणाचेच नुकसान नाही, कारण घरातल्या इतरांचा रक्तदाबही त्याच मिठावर चढत असतो.

विश्रांतीचा अतिरेकही आता सोडून दिला पाहिजे. एके काळी अशा रुग्णाला महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळवून ठेवीत. आज आपण जाणतो की प्रकृती स्थिर झाल्यावर रोज थोडे चालणे हाच हितावह मार्ग आहे. चालता चालता सोबत्याशी वाक्य न तोडता बोलता येईल इतकी गती असावी. तंबाखू आणि मिश्री सुटलीच पाहिजे, मद्याने ज्याचे हृदय दुबळे झाले त्याला मद्य सर्वथा वर्ज्य. दर वर्षीची फ्लूची लस टाळू नये. आणि दांपत्यजीवनाविषयीचा प्रश्न मनात कुढत न ठेवता वैद्याला विचारावा, कारण बहुतेक स्थिर रुग्णांना त्याचे उत्तर अनुकूलच मिळते.

‘वैद्यजीवन’कार लोलिंबराजांनी पथ्याला औषधाहून वरचे स्थान दिले, आणि ज्या काळी औषधे थोडी व दुबळी होती त्या काळी ते योग्यच होते. या रोगात मात्र मी त्यांच्याशी सहमत होऊ शकत नाही. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात स्कँडिनेव्हियातील अत्यवस्थ रुग्णांना एनालाप्रिल देऊन पाहिले तेव्हा सहा महिन्यांतील मृत्यूचे प्रमाण शेकडा ४४ वरून २६ वर आले. त्यानंतरच्या दशकांत आणखी तीन प्रकारची औषधे त्या पंक्तीला येऊन बसली, आणि काही रुग्णांचे हृदय त्यांच्या बळावर पुष्कळसे सावरलेलेही आपण पाहतो. पथ्य या औषधांना वाट करून देते. त्यांची जागा घेत नाही. गुडघेदुखीसाठी दुकानातून आणलेल्या डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेनच्या गोळ्या तर मूत्रपिंडांकडून पुन्हा मीठ अडवून सारे पथ्य निष्फळ करतात, म्हणून त्या वैद्याला विचारल्यावाचून कदापि घेऊ नयेत. आणि हे पुस्तक हाती घेणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला माझी एवढीच विनंती आहे, की यातली कोणतीही पाककृती साधली, सूज उतरली, धाप थांबली, म्हणून चालू असलेली एकही गोळी आपल्या मनाने बंद करू नका.